शिवण कुठे आहे? : डच सामासिक नामांतील अवयव आणि आघात

डच भाषेत दोन किंवा अधिक नामे जोडून नवे नाम तयार झाले की ते मध्ये जागा न सोडता सलग लिहिले जाते. त्यामुळे काम करण्यास असमर्थ ठरलेल्यांच्या विम्यासाठी त्या भाषेत जो शब्द रूढ आहे, तो रोमन लिपीतील ३३ वर्णांचा होतो आणि उच्चारताना त्याचे १० तुकडे पडतात. अशा शब्दाकडे परकीय वाचक थोड्या धास्तीनेच पाहतो, पण डच माणूस तो वाचताना अडखळत नाही, कारण शब्द कुठे जोडला आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. ते नेमके कशावरून ठाऊक होते, वर्णांच्या क्रमावरून, उच्चाराच्या नियमांवरून की शब्दाच्या अर्थावरून, या प्रश्नाचे उत्तर वरवर वाटते तितके सरळ नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, डच समासात शब्दाचे एकपण आघाताकडे सोपवलेले असते, त्याचे जोडलेपण अवयवांच्या सीमांकडे सोपवलेले असते, आणि या सीमा अखेरीस अर्थच आखतो. म्हणून डच शब्दकोशांत शब्दाची फोड दाखवण्यासाठी जे बिंदू छापलेले असतात, ते उच्चाराची नोंद म्हणून वाचणे चुकीचे आहे.

आधी संज्ञांविषयी. एका स्वराभोवती गोळा होऊन एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट म्हणजे अवयव. मराठीत त्याला पुष्कळदा 'अक्षर' म्हणतात, परंतु देवनागरीतील लिखित अक्षर आणि उच्चारातील अवयव एकच नसल्यामुळे येथे तो शब्द टाळला आहे. 'रक्त' हा शब्द लिपीत र आणि क्त असा दिसतो, पण तोंडातून रक् आणि त असा बाहेर पडतो. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू मानणाऱ्या छंदःशास्त्राने ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती. शब्दातील एखादा अवयव इतरांपेक्षा जोराने, लांब आणि बहुधा वरच्या सुरात उच्चारला जातो, तेव्हा त्यावर आघात आहे असे म्हणतात. डच भाषेत अवयवाला 'लेटरख्रेप' म्हणजे शब्दशः वर्णांची मूठ, आणि आघाताला 'क्लेमटोन' म्हणजे घट्ट आवळलेला सूर असे म्हणतात. ही दोन्ही नावे स्वतःच समास आहेत. पुढील डच शब्द देवनागरीत उच्चाराच्या जवळपास जातील असे लिहिले आहेत, आणि डच भाषेतील घशात घासत येणारा ध्वनी 'ख'ने दाखवला आहे.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हा भाग अपरिचित वाटण्याचा संभव आहे. डच भाषेत विशेषण आणि नाम सुटे आले तर मुख्य आघात नामावर पडतो, पण त्यांचा समास झाला की तो सहसा पूर्वपदावर सरकतो. 'क्लेइन किंट' या दोन सुट्या शब्दांत जोर 'किंट'वर आहे आणि अर्थ लहान मूल असा आहे, पण 'क्लेइनकिंट' या एका शब्दात जोर 'क्लेइन'वर येतो आणि अर्थ नातवंड होतो. नातवंड तीस वर्षांचे असले तरी ते 'क्लेइनकिंट'च. पूर्वपदावरचा आघात येथे केवळ नादाचा भाग नसून, या दोन कल्पना आता एकच झाल्या आहेत अशी ती घोषणा असते. स्वयंपाकघरातील टेबल, फुटबॉल, उन्हाळ्याची सुटी अशा हजारो नामांना हाच नियम लागू पडतो. उत्तरपद मात्र अगदी निपचित होत नाही, कारण त्याचा स्वर शाबूत राहतो आणि त्यावर दुय्यम आघातही टिकतो.

तरीही या नियमाला असलेले अपवाद दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. नगरभवन या अर्थाच्या 'स्टाटहाउस' शब्दात आघात 'हाउस'वर आहे. नगराध्यक्षाला 'ब्यूर्खमेस्टर' म्हणतात, आणि त्यात जोर 'मेस्टर'च्या पहिल्या अवयवावर पडतो. ग्रामीण भाग म्हणजे 'प्लाटलांट', शब्दशः सपाट प्रदेश. आंत्रपुच्छ म्हणजे 'ब्लिंडडार्म', शब्दशः आंधळे आतडे. प्रमुख पुरोहित म्हणजे 'होखप्रीस्टर', शब्दशः उंच पुरोहित. या तिघांतही आघात उत्तरपदावरच आहे, आणि त्याचे कारण शब्दांच्या रूपातच दिसते. तिन्हींत पूर्वपद हे विशेषण असून ते नामाआधी येताना घेते तो प्रत्यय त्याने समासातही सोडलेला नाही. म्हणजे वाक्यातील दोन सुटे शब्द जसेच्या तसे चिकटले, आणि चिकटताना त्यांनी सुटेपणीचा आघातही बरोबर आणला. लेखनाने त्यांना एक केले असले तरी उच्चाराच्या दृष्टीने ते अजून शेजारीच आहेत. 'स्टाटहाउस'च्या बाबतीत मात्र असे सोयीचे स्पष्टीकरण देता येत नाही, आणि सर्व अपवादांना एका सूत्रात ओवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा तो शब्द तसाच पाठ करावा लागतो हे मान्य करणे अधिक प्रामाणिक ठरेल.

गावांच्या नावांत आघाताने काय टिकते आणि काय झिजते हे ठळकपणे दिसते. आम्स्टरडाम, रॉटरडाम, स्खीडाम आणि झानडाम या सर्व नावांत जोर शेवटच्या 'डाम'वर आहे. 'डाम' म्हणजे बांध. १२७५ सालच्या जकातमाफीच्या सनदेत आम्स्टेल नदीवरील बांधापाशी राहणाऱ्यांचा उल्लेख आहे. पुढील काळात नदीच्या नावातील शेवटचा 'ल' जाऊन तेथे 'र' आला, पण आघाताच्या आसऱ्याला असलेला 'डाम' जसा होता तसाच राहिला. याउलट घर किंवा वस्ती या अर्थाचे 'हेम' हे पद ज्या नावांत आघाताविना शेवटी आले, तेथे ते झिजत झिजत नुसते 'एम' किंवा 'अम' उरले, आणि बेर्खम, हार्लम अशा नावांत घर दडले आहे हे आता सांगावे लागते. मराठीतील 'माहेर' शब्दात आईचे घर आणि 'कुंभार' शब्दात कुंभ घडवणारा असाच दडलेला आहे, जरी मराठीतील झीज डच पद्धतीच्या आघातामुळे झाली असे म्हणता येत नाही.

अवयवविभागाकडे वळताना आधी सामान्य नियम पाहावा लागतो. दोन स्वरांच्या मध्ये व्यंजने आली, तर त्यांतील जितकी पुढच्या अवयवाच्या आरंभी उच्चारता येतील तितकी पुढे ढकलायची, अशी डच भाषेची, आणि खरे तर बहुतेक भाषांची प्रवृत्ती असते. डच भाषेला दुसरीही एक सवय आहे, ती म्हणजे अवयवाच्या शेवटी आलेले घोष व्यंजन अघोष होते, अर्थात द चा ट होतो आणि ब चा प होतो. हात या अर्थाचा शब्द लिहिला जातो 'हांद', पण उच्चारला जातो 'हांट'. त्याला प्रत्यय लागून कुशल या अर्थाचे विशेषण झाले की द पुढच्या अवयवात जातो आणि 'हान-दख' असा मूळचा घोष उच्चार परत येतो. मात्र नुसतेच हातात धरून खाण्याच्या सफरचंदाला जो शब्द आहे, त्याचा उच्चार 'हांट-आपेल' असाच होतो. येथेही पुढे स्वर आहे आणि द ला पुढे सरकायला पूर्ण मोकळीक आहे, तरी तो सरकत नाही, कारण 'हांद' आणि 'आपेल' यांच्यामधली सीमा त्याला अडवते. ध्वनींची परिस्थिती दोन्ही ठिकाणी सारखीच असताना निकाल वेगळा लागतो, आणि फरक पडतो तो एवढाच की एका ठिकाणी पुढे प्रत्यय आहे व दुसऱ्या ठिकाणी स्वतंत्र अर्थाचा शब्द आहे.

डच भाषाशास्त्रज्ञ खेर्ट बॉय यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या डच ध्वनिविचारावरील ग्रंथात या वस्तुस्थितीची मांडणी केली. ती अशी की, समासातील प्रत्येक पद हा आपल्यापुरता एक उच्चारशब्द असतो आणि अवयव पाडण्याचे काम त्या उच्चारशब्दाच्या कुंपणाआतच चालते. ही मांडणी किती सूक्ष्म आहे हे लालसर या अर्थाच्या दोन विशेषणांवरून कळते. एकाचा उच्चार 'रो-दख' होतो, दुसऱ्याचा 'रोट-आख्टख'. दोहोंच्या मुळाशी लाल या अर्थाचा एकच शब्द आहे आणि दोहोंना प्रत्ययच लागलेले आहेत, पण दुसरा प्रत्यय डच कानाला शब्दासारखा भासतो, म्हणून त्याच्यापुढे कुंपण उभे राहते. अर्थात हे कुंपण सगळ्याच ध्वनिव्यापारांना अडवते असे नाही. हातरुमालासाठीचा शब्द खिसा आणि कापड या दोन पदांचा बनलेला आहे आणि त्यातील क पुढच्या द च्या संगतीने ग होऊन 'झागडुक' असा उच्चार ऐकू येतो. गंमत अशी की मूळ डच शब्दांत ग हा स्वतंत्र ध्वनी नाही, तो भेटतो तो अशा सांध्यांतच. म्हणजे शेजाऱ्याचा रंग कुंपणापलीकडून लागतो, पण कुंपण जागचे हलत नाही.

ही सीमा फक्त उच्चारातच राहिली असती तर तिची चर्चा विद्यापीठांपुरती उरली असती, परंतु डच शुद्धलेखन सबंध अवयवांवर उभारलेले असल्यामुळे ती शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचते. चंद्राला 'मान' म्हणतात व तो शब्द रोमन 'ए' दोनदा घालून लिहितात. अनेकवचनात 'मा-नेन' अशी फोड होऊन पहिला अवयव स्वरान्त झाला की एकच 'ए' पुरतो. माणूस या अर्थाच्या 'मन' शब्दात स्वर आखूड आहे, आणि आखूड स्वर अवयवाच्या शेवटी उघडा राहू शकत नाही, म्हणून त्याच्या अनेकवचनात 'एन' दोनदा लिहावा लागतो, जरी उच्चारात तो एकदाच असला तरी. 'फूल'चे 'फुले' आणि 'वीट'चे 'विटा' करताना ह्रस्वदीर्घ सांभाळणाऱ्या मराठी लेखकाला ही कसरत ओळखीची वाटेल, फक्त डच भाषेत स्वराची लांबी तशीच राहून लेखन बदलते. समासात मात्र डच लेखन बदलत नाही. खिडकीची जागा दाखवणाऱ्या 'रामओपनिंग' या शब्दात 'राम' म्हणजे खिडकी, आणि पुढे स्वर असूनही तेथे रोमन 'ए' दोनच राहतात. मराठीत 'कवी' दीर्घ आणि 'कविराज' ह्रस्व लिहावे लागते, म्हणजे समासात शिरताना पूर्वपदाला वेश बदलावा लागतो. डच पूर्वपद स्वतःच्या घरच्या कपड्यांतच समासात येते, आणि वाचकाला शिवण सापडते ती बऱ्याच अंशी याच आधारावर.

पण हा आधार सर्वत्र पुरत नाही. डच शब्दसंपत्तीत एकावयवी शब्दांचा भरणा मोठा आहे, आणि ब्रुखमध्ये १५४८ साली जन्मलेल्या सिमोन स्टेव्हिन या गणितज्ञाला तो आपल्या भाषेचा मोठेपणा वाटत असे. १५८६ साली लायडन येथे छापलेल्या, वजने आणि समतोल यांवरील आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्याने डच भाषेच्या योग्यतेवर एक प्रबंधच जोडला, लॅटिन व ग्रीक भाषांच्या तुलनेत डच एकावयवी शब्दांच्या याद्या दिल्या, आणि असे छोटे शब्द सहज जोडता येत असल्यामुळे शास्त्राला हीच भाषा योग्य असा निष्कर्ष काढला. गणिताला आजही डच भाषेत जो देशी शब्द आहे, तो त्याच्याच वळणाचा. स्टेव्हिनचा अभिमान रास्त होता, पण त्याची दुसरी बाजू त्याने नोंदवली नाही. हे छोटे शब्द आरंभी आणि शेवटीही व्यंजनांची दाटी सहन करतात, त्यामुळे दोन शब्द जोडले की मधले व्यंजन नेमके कोणाचे असा पेच पडू शकतो. 'क्वार्तस्लाखेन' या लेखनात 'एस' उत्तरपदाला दिला तर अर्थ होतो पाव पाव वळणे, आणि पूर्वपदाला दिला तर गारगोटीचे थर. 'डेइकराम्प' ही बांध फुटल्याची आपत्ती असते, आणि क पुढे सरकवून 'डेइ-क्राम्प' केले तर मांडीत आलेला गोळा. 'व्हालकाउल' म्हणजे सापळ्याचा खड्डा, पण 'व्हाल्क-आउल' असे तोडले तर ससाणा आणि घुबड यांच्या संकरातून निघालेला कोणी अज्ञात पक्षी. 'केर्स-टोमाट्येस' म्हणजे बोराएवढे टोमॅटो, आणि 'केर्स्ट-ओमाट्येस' म्हणजे नाताळातल्या आज्या. सर्वांत बोलके उदाहरण दहा वर्णांच्या एका शब्दाचे. त्याचा एक अर्थ मालिश करण्याचा पलंग आणि दुसरा सामुदायिक प्रार्थना. पहिला 'मासाझबेट', आघात दुसऱ्या अवयवावर. दुसरा 'मासाखबेट', आघात पहिल्यावर. वर्ण तेच, पण फोड, आघात आणि एक व्यंजनही वेगळे.

डच माणसे अशा शब्दांकडे करमणूक म्हणून पाहतात, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष करमणुकीचा नाही. अवयव आधी पडतात आणि मग अर्थ कळतो, असा क्रम गृहीत धरला तर या शब्दांचे वाचन अशक्य ठरेल. वाचक आधी अर्थ निवडतो, आणि अवयव व आघात त्यामागून येतात. देवनागरीत हे शब्द लिहू पाहणाऱ्याला हा क्रम हाताने अनुभवता येतो, कारण 'डेइकराम्प' लिहायचे की 'डेइक्राम्प', हे ठरवल्यावाचून लेखणी पुढे जात नाही. रोमन लिपी जो निर्णय वाचकावर ढकलते, तो देवनागरी पुष्कळदा लिहिणाऱ्याकडून आधीच वसूल करते.

समासाचा आघात चुकल्यावर काय होते याची भारतीय परंपरेतील कथा येथे आठवणे अप्रस्तुत नाही. 'इन्द्रशत्रु' शब्दाच्या अंत्य स्वरावर उदात्त असेल तर तो तत्पुरुष होतो आणि अर्थ इंद्राचा घातक असा निघतो. तो पूर्वपदावर असेल तर बहुव्रीही होतो आणि ज्याचा घातक इंद्र आहे तो, असा नेमका उलटा अर्थ निघतो. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी या शब्दाचा दाखला दिला आहे, आणि कथेप्रमाणे यज्ञात चुकीचा स्वर लागल्यामुळे इंद्राचा घातक ठरायला हवा होता तो वृत्रच मारला गेला. वैदिक स्वर हा सुरांचा होता आणि डच आघात जोराचा आहे, त्यामुळे दोहोंची बरोबरी करता येत नाही. मात्र संहितेतील सलग पाठाला पदपाठाची जोड देणाऱ्या, आणि त्यात समासातील पदे अवग्रहाने वेगळी दाखवणाऱ्या पंडितांना एक गोष्ट नक्कीच माहीत होती, ती म्हणजे पद कुठे तोडायचे हे अर्थ जाणणाराच सांगू शकतो.

ही जाण नसलेला वाचक म्हणजे यंत्र. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची जी पद्धत फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ साली स्टॅनफर्ड येथील प्रबंधात मांडली आणि जी टेक या अक्षरजुळणी प्रणालीतून जगभर पसरली, ती शब्दातील लागोपाठच्या वर्णांचे आकृतिबंध पाहून तोडण्याच्या जागा ठरवते. पद्धत अत्यंत चतुर आहे, पण पलंग की प्रार्थना हे तिला कधीच कळणार नाही, आणि हा तिचा दोष मानणेही अन्यायाचे होईल, कारण जी माहिती वर्णांत नाहीच ती वर्णांतून काढता येत नाही. डच लेखनाने तिच्यापुढे आणखीही अडचणी उभ्या केल्या आहेत. आजीबाईंच्या लाडिक रूपात 'ओमा'चा अंत्य स्वर लांब दाखवण्यासाठी रोमन 'ए' दोनदा लिहितात, पण ओळ तेथे तुटली तर पहिला अवयव स्वरान्त होतो आणि एक 'ए' गळतो. म्हणजे शब्द तोडताना त्याचे शुद्धलेखनच बदलते.

लेखन उच्चाराऐवजी अर्थ नोंदवते याचा आणखी कठोर पुरावा १९९५ सालच्या शुद्धलेखन-सुधारणेत सापडतो. तव्यावरच्या धिरड्यासारख्या पदार्थाला डच भाषेत जे नाव आहे, त्यात 'पान' म्हणजे तवा आणि 'कूक' म्हणजे पोळी या दोन पदांमध्ये एक जोडध्वनी येतो. तो बहुतेकांच्या तोंडी नुसता पुसट 'अ' असतो, पण पूर्वपदाचे अनेकवचन फक्त 'एन' प्रत्यय लागूनच होत असेल तर त्यापुढे 'एन' हा वर्ण लिहावा असे ठरले. सूर्यफुलाच्या नावात मात्र तो लिहायचा नाही, कारण सूर्य एकच. घोड्याच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या एका पिवळ्या रानफुलाला प्राणी व वनस्पती यांच्या खास अपवादात घालून 'एन'विना ठेवले गेले, आणि २००५ साली तो अपवादच रद्द करून त्यालाही 'एन' दिला गेला. फूल तेच, उच्चार तोच, लेखन दोनदा वेगळे. या नियमांना कंटाळून २००६ साली अधिकृत शब्दसूची असलेल्या 'हिरव्या पुस्तिके'समोर 'पांढरी पुस्तिका' उभी राहिली, हे समजण्यासारखे आहे. परंतु टीकाकारांचा रोख कानाला न ऐकू येणाऱ्या वर्णावर होता, आणि तो रोख थोडा चुकला. कारण डच समासाचे लेखन कानाशी प्रामाणिक असते असा दावा मुळातच टिकणारा नाही. अर्थाशी प्रामाणिक राहण्याचे ठरवल्यावर सूर्य किती आहेत असले प्रश्न विचारण्याची पाळी येते, ही खरी अडचण होती.

अर्थ विसरला गेला म्हणजे काय होते, हे बटाट्यावरून पाहता येते. बटाट्याचे डच नाव 'आर्ट' म्हणजे भूमी आणि 'आपेल' म्हणजे सफरचंद या पदांचे बनले आहे. हातात धरून खाण्याच्या सफरचंदाप्रमाणे येथेही मधला ध्वनी अघोष व्हायला हवा होता, पण रोजच्या जेवणातल्या या शब्दात कुणाला भूमी दिसत नाही की सफरचंद, आणि सर्वसाधारण उच्चार 'आर-दापेल' असा, द पुढच्या अवयवात घेऊन होतो. कुंपण मोडले आहे आणि दोन उच्चारशब्दांचा एक झाला आहे. तरीही अधिकृत शब्दसूचीतील फोड भूमीनंतरच पडते, कारण सूचीच्या लेखी शब्द अजून समासच आहे. हा आग्रह उच्चाराच्या दृष्टीने खोटा असला तरी लेखनाच्या दृष्टीने निरर्थक नाही, कारण त्यामुळे शब्दाची घडण डोळ्यासमोर राहते. फक्त असा आग्रह किती काळ धरायचा याला कोणताही ध्वनिनियम नाही. फळबागेसाठीच्या 'बोमखार्ट' या शब्दात झाड आणि बाग ही दोन्ही पदे आजही लख्ख दिसतात, आणि त्याची फोड त्यांच्यामध्येच होते. त्याच शब्दाचे बोलींतून घासून आलेले 'बाँगर्ट' हे रूपही डच भाषेत आहे. त्यात झाडाचा म उरलेला नाही, बागेचा स्वर उरलेला नाही, आणि ते ओळीच्या शेवटी तोडायचे झाले तर लेखनातील 'एन' आणि 'जी' यांच्यामधून तोडतात. त्या दोन वर्णांचा मिळून उच्चार मात्र एकच ध्वनी आहे.